उजेडासमोर धरलेली माणसं

खान्देशात 1960 ते 1990 या काळात वाढलेल्या आमच्या पिढीच्या बहुतेक घरांत एक डबा असतो. कुठे तो बिस्किटांचा, कुठे डालडाचा, कुठे लग्नात आलेल्या मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका. त्याची जागाही ठरलेली. कपाटाचा सगळ्यात वरचा खण, नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत शालूखाली. आत बटर पेपरच्या पाकिटांत, रबर लावून गुंडाळलेल्या निगेटिव्ह. अल्बम आल्यागेल्याला दाखवायचा, पण डब्याला हात लावायचा नाही. "ठसे उमटतात, ठेव ते खाली," ही ताकीद आम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे.

आता त्या डब्याकडे वळायची वेळ आली आहे, कारण अल्बम पांगले. आत्याच्या लग्नाचे फोटो आत्या सासरी घेऊन गेली. आजोबांचा एकुलता एक चांगला फोटो मोठा करायला म्हणून अल्बममधून काढला, तो भिंतीवर गेला आणि तिथेच पिवळा पडला. कुणाचा चेहरा अर्जावर चिकटवायला कापून घेतला. 1980 नंतरचे रंगीत फोटो तर तांबूस होत गेले. नवरी, वरात, मांडव, सगळं एकाच रंगाचं. पण फोटो ही नक्कल आहे. भिंगातून आलेला उजेड प्रत्यक्ष पडला तो निगेटिव्हवर. अस्सल तीच, आणि ती अजून घरात आहे. म्हणून आज भाचे-पुतणे जेव्हा विचारतात, "मावशी, निगेटिव्ह स्कॅन करायला कुठलं मशीन घेऊ? सगळ्यावर चालेल असं सांग," तेव्हा मी आधी डबा उघडायला सांगते. मशीनचं उत्तर त्या डब्यात आहे.

आमच्या आजी-आजोबांच्या काळी फोटो म्हणजे स्टुडिओ. जळगावला बळीराम पेठेत नाहीतर नव्या पेठेत, धुळ्याला आग्रा रोडला लागून असलेल्या नंबरांच्या गल्ल्यांत जायचं. महाल, जिना, कारंजं रंगवलेला पडदा. समोर लाकडी स्टँडवरचा मोठा कॅमेरा, काळ्या कापडाखाली शिरलेला फोटोग्राफर आणि "हलू नका" हा हुकूम. मुलगी दाखवायचा फोटो इथेच निघायचा, परीक्षेच्या अर्जाचा इथेच, आणि जावई पहिल्यांदा आला की जोडीनं काढायचा तोही इथेच. फोटोच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर. हे जुने फोटो काचेवर घेतलेले असत. क्वार्टर प्लेट म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच, हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा, फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ. काही घरांत अशा दोनचार काचा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सापडतात.

मग कॅमेरा घरात आला. भुसावळला रेल्वेत असलेला काका, कॉलेजात शिकवणारा मामा, नाहीतर बँकेत नुकते लागलेले अण्णा, कुणीतरी तो आणला. आमच्या पिढीच्या आठवणीतला हा पहिला कॅमेरा बहुतेक घरांत एकच होता, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला आग्फा क्लिक-थ्री. फोकसची भानगड नाही. ऊन आहे की ढग, एवढंच बघायचं. त्यात 120 चा रोल बसायचा. पाठीमागच्या कागदावरचे आकडे लाल काचेच्या छोट्या खिडकीतून दिसत, पुढचा आकडा मध्यावर येईपर्यंत चावी फिरवायची. एका रोलवर बारा फोटो, प्रत्येक 6 बाय 6 सेंटिमीटरचा. रोल उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू', नाहीतर पूर्व जर्मनीचा 'ऑर्वो'. उटीचा हा सरकारी कारखाना 1960 साली स्थापन झाला. आपल्या गावातल्या लग्नाचा फोटो आपल्याच देशात बनलेल्या फिल्मवर निघतो, याचं घरातल्या मोठ्यांना अप्रूप होतं.

बाराच फोटो, त्यामुळे ते कशावर खर्च करायचे याचा विचार होई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी आणि कडुलिंबाला बांधलेला झोका. श्रावणात कानबाई देवीची स्थापना झाली की तिच्यासमोर ओळीनं उभं राहिलेलं सगळं भाऊबंदकीचं कुटुंब. हिवाळ्यात शेतात भरीत असायचं. तुराट्यांवर वांगी भाजली जात असताना धुरात डोळे बारीक केलेले पुरुष आणि कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या बायका. मेहरूण तलावाची सहल, पाटणादेवी, लळिंगचा किल्ला, पांझरेकाठची एकविरा. आणि रोल एकदाचा धुवायला द्यायचा म्हणून शेवटचे दोन फोटो दारातल्या गाईचे. म्हणूनच एकाच रोलवर एखाद्याची मुंज आणि त्यानंतर सहा महिन्यांनी आलेलं दुसऱ्याचं बारसं शेजारी शेजारी दिसतं.

पुढे 35 मिलिमीटरचे कॅमेरे आले, छत्तीस फोटोंचा रोल आला आणि हात सैल झाला. रोलची रिकामी डबी कुणी टाकत नसे. तिच्यात वेलदोडे राहात, केशर राहात, आजीची तपकीर राहात. मग रंग आला. जळगाव-धुळ्याला रंगीत फोटो धुणाऱ्या लॅब निघाल्या, त्याआधी रोल मुंबई-नाशिकला पाठवून आठवडाभर वाट पाहायची. काही हौशी घरांत स्लाइडही होत्या. अजिंठा जळगावपासून साठेक किलोमीटरवर. तिथे पाहुण्यांना नेलं की मामा स्लाइड काढत आणि रात्री ओसरीवर पांढरी चादर ताणून सगळ्या गल्लीला दाखवत.

या सगळ्याला दिशा देणारा एक मोठा कलावंत आमच्याच भागात राहात होता. चाळीसगावला रेल्वे स्टेशनपासून जवळच केकी मूस यांचं घर आहे. 1912 साली जन्मलेले, 1989 साली गेलेले मूस आयुष्याची कित्येक दशकं त्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. घरात टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, त्यांच्यावर हवा तसा प्रकाश पाडून त्यांनी अशी दृश्यं टिपली, की पाहणाऱ्याला ती खरीखुरी निसर्गदृश्यं वाटावीत. जगभरच्या स्पर्धांत त्यांच्या फोटोंना पदकं मिळाली. त्यांचं घर आज संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. आम्ही धुळ्याहून चाळीसगाव पॅसेंजरनं निघालो की मोठी माणसं गाडीतच त्यांच्या गोष्टी सुरू करत. उजेड कुठून येतो आणि कुठे थांबतो, हे बघायला त्यांच्या फोटोंनी खान्देशाला शिकवलं. स्कॅनर निवडतानाही पाहायचं ते हेच.

डबा उघडून निगेटिव्ह पांढऱ्या कागदावर आकारानं लावा. आकार पाहून पिढी ओळखता येते. काच म्हणजे पणजोबा-आजोबा. रुंद पट्ट्या म्हणजे 120, आई-वडलांची तरुणपणं. अरुंद, दोन्ही काठांना चौकोनी भोकं असलेल्या पट्ट्या म्हणजे 35 मिलिमीटर, आमची शाळा आणि लग्नं. नारिंगी झाक असलेल्या त्या रंगीत. पुठ्ठ्याच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या चौकटीतल्या त्या स्लाइड. खान्देशातल्या घरातला डबा असा मिसळीचाच निघतो, आणि म्हणून एकाच आकाराला वाहिलेलं मशीन आपल्याला पुरत नाही.

पहिली कसोटी हीच, मशीन किती मोठी फिल्म घेतं. प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्म 8100 आणि 8200 सारखी छोटी मशीन फक्त 35 मिलिमीटरची आहेत; त्या आकाराला ती उत्तम, पण क्लिक-थ्रीची निगेटिव्ह त्यात शिरणारच नाही. सपाट काचेच्या स्कॅनरमध्ये फिल्मसाठी झाकणात वेगळा दिवा हवा, कारण निगेटिव्हच्या आरपार उजेड जावा लागतो. कागद स्कॅन करणाऱ्या साध्या मशीनला तो दिवा नसतो. एप्सनचा व्ही-600 अरुंद पट्ट्याही घेतो आणि 120 च्या रुंद पट्ट्याही, पण दिव्याची पट्टी अरुंद असल्यानं हाफ प्लेट काच त्यात पुरी मावत नाही. त्याच कंपनीच्या व्ही-700 आणि पुढच्या व्ही-850 या मशीनांत 8 बाय 10 इंचांपर्यंतचा भाग उजळतो, त्यामुळे फुल प्लेट काचही बसते. घरात काचा असतील तर हा एवढा फरक लाखमोलाचा आहे.

दुसरी कसोटी बारकाव्याची. खोक्यावर 6400 डीपीआय (म्हणजे एका इंचात इतके बिंदू) असा आकडा छापलेला असतो, पण अशा घरगुती सपाट स्कॅनरमधून प्रत्यक्ष तपशील मिळतो तो 1500 ते 2500 च्या आसपासचा. तो पुरतो का, हे निगेटिव्हच्या आकारावर ठरतं. 35 मिलिमीटरची चौकट 24 बाय 36 मिलिमीटरची. 2400 डीपीआयला तिच्यातून सुमारे 77 लाख बिंदू मिळतात, त्यातून साधारण साडेसात बाय अकरा इंचांचा चांगला फोटो होतो. 120 वरची 6 बाय 6 ची चौकट प्रत्यक्षात 56 मिलिमीटरची, तिच्यातून त्याच मापानं 2 कोटी 80 लाख बिंदू निघतात. म्हणजे वडलांच्या साध्या कॅमेऱ्यातल्या मोठ्या निगेटिव्हला बेताचं मशीन पुरतं, आणि आमच्या लग्नातल्या छोट्या निगेटिव्हला अधिक बारीक नजरेचं लागतं. नव्या वस्तूला नवं मशीन कमी पडतं, जुनीला नाही.

तिसरी कसोटी गडद भागाची. आमच्याकडचं ऊन प्रखर, कपडे पांढरे. भर दुपारी काढलेल्या फोटोत धोतर, टोपी, चुना लावलेली भिंत हे निगेटिव्हवर अगदी काळं होतं. फिल्मची घनता 2 असली तर शंभरातला एक भाग उजेड पार जातो, 3 असली तर हजारातला एक. स्लाइडमधल्या सावल्या तर त्याहून गडद असतात. त्या काळेपणातून जे मशीन पाहू शकतं, त्याच मशीनमध्ये धोतराच्या चुण्या दिसतात. नाहीतर आजोबांच्या अंगावर नुसता पांढरा डाग उरतो. विकत घेण्याआधी आपली सगळ्यात काळी निगेटिव्ह आणि सगळ्यात गडद स्लाइड बरोबर न्यावी, त्यांवर मशीन चालवून पाहावं.

चौथी गोष्ट धूळ आणि ओरखड्यांची. बऱ्याच मशीनांत इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून पुसायची सोय असते. रंगीत निगेटिव्हवर ती जादूसारखी काम करते, कारण रंगद्रव्यातून इन्फ्रारेड आरपार जातं आणि फक्त धूळ अडवते. पण इंदू-ऑर्वोची कृष्णधवल चित्रं चांदीच्या कणांची आहेत. चांदी इन्फ्रारेडलाही अडवते, मशीनला चित्र आणि धूळ यांतला फरक कळत नाही आणि ते चेहराच खरवडू लागतं. कृष्णधवल निगेटिव्हला ही सोय बंदच ठेवायची. तिथे रबरी फुग्यानं हवा मारायची, मऊ ब्रश फिरवायचा, आणि उरलेले ठिपके नंतर संगणकावर एकेक करून काढायचे. आपला डबा मुख्यतः कृष्णधवल असेल तर या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

पाचवी गोष्ट पट्टी धरणाऱ्या चौकटीची, आणि खान्देशासाठी ती फार महत्त्वाची आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर राहिलेली फिल्म सुरळीसारखी वळते. वळलेल्या फिल्मचा मधला भाग फोकसमध्ये असतो, काठ नसतात. म्हणून फिल्म सपाट दाबून धरणारी, उंची थोडी वरखाली करता येणारी चौकट हवी. गुळगुळीत काचेला फिल्म चिकटली की तेलाच्या थेंबासारखी रंगीत वर्तुळं उमटतात, त्यासाठी किंचित खरबरीत काच मिळते. पाकीट उघडल्यावर व्हिनेगरचा आंबट वास आला तर अॅसिटेट फिल्म कुजायला लागली आहे, असं समजावं. उष्णतेनं ही कूज वाढते, तिचा वायू शेजारच्या फिल्मलाही बाधतो. अशा पट्ट्या लगेच वेगळ्या काढाव्यात आणि स्कॅनही आधी त्यांचंच करावं. एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या ओढून सोडवू नयेत. तिथे जाणत्या माणसाचा हात हवा.

जुनी, गाजलेली मशीनही अजून विकायला येतात. निकॉनच्या कूलस्कॅनची स्लाइडवरची कामगिरी आजही वाखाणली जाते, पण ती मशीनं बनणं केव्हाच थांबलं आहे, सुटे भाग मिळणं अवघड. व्ह्यूस्कॅनसारखं सॉफ्टवेअर अशा कित्येक जुन्या मशीनांना नव्या संगणकावर चालवतं. आणि घरात चांगला डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल, तर सारख्या उजेडाचं पॅनल खाली ठेवून निगेटिव्हचा थेट फोटो काढता येतो. काच असो, 120 असो की स्लाइड, या पद्धतीला आकाराचं बंधन नाही. मात्र कॅमेरा आणि फिल्म अगदी समांतर ठेवण्याचा सराव लागतो.

फाइल टिफ प्रकारात, 16 बिटमध्ये ठेवावी. 6 बाय 6 ची एक कृष्णधवल चौकट अशी साधारण 56 एमबीची होते. मोबाइलवर पाठवायला त्यातून छोटी जेपेग काढता येते, छोटीची मोठी करता येत नाही. दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. आणि स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह फेकायची नाही. बटर पेपर बदलून, थंड, कोरड्या, खालच्या खणात तिला परत ठेवायचं.

आजोळच्या, म्हणजे जळगावच्या डब्यातली एक पट्टी इथे सांगायला हवी. 120 चीच, तीन चौकटींची, घरी बोलावलेल्या फोटोग्राफरच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातली. कानबाईचा दिवस. उजेडासमोर धरली की आजीचे काळे केस पांढरे, कुंकू म्हणजे कपाळावर एक फिकट टिकली, नऊवारीच्या काठाची रेघ स्पष्ट. या निगेटिव्हवरून निघालेला फोटो तीन इंचांचा होता, त्यात मागची फळी म्हणजे नुसता काळोख. 2400 डीपीआयला स्कॅन केल्यावर त्या फळीवरची भांडी उमटली. मोठ्या तांब्याच्या घागरीच्या गळ्याभोवती कोरलेली अक्षरं वाचता आली, आजीच्या माहेरच्या गावाचं नाव आणि लग्नाचं साल. त्या सालाबद्दल घरात दोन मतं होती. घागर केव्हाच मोडीत गेली आहे, पण साल मिळालं.

स्कॅन उलट्या बाजूनं झालं नाही ना, हेही तपासावं. फिल्मची निस्तेज बाजू चित्राची, चकचकीत बाजू पाठीची. पदर कुठल्या खांद्यावर आहे यावरून अंदाज येतो, पण आमच्या पेठांत गुजराती-मारवाडी शेजारणींचा पदर उजव्या खांद्यावरच असायचा, म्हणून दुकानाच्या पाटीची अक्षरं आणि फिल्मच्या काठावरचे आकडे बघावेत. काठासकट स्कॅन करावं. तिथे फिल्मचं नाव आणि चौकटीचा क्रमांक असतो. त्यावरून कुठला फोटो आधीचा, कुठला नंतरचा हे कळतं.

धुळ्याला अस्सल कागदाची किंमत फार आधी कळली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं उतरवून घेतली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली, आणि 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ त्या गावात आजही आहे. कुणाच्या तरी घरी पडून राहिलेला कागद सगळ्यांचा इतिहास असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आमच्या घरांतल्या निगेटिव्हही अशाच दप्तरात मोडतात. 1906 साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पण सोयरिकी जळगाव-धुळ्याला ओलांडून होत राहिल्या. त्यामुळे एका डब्यातली माणसं दुसऱ्या गावातल्या डब्यातही सापडतात.

म्हणूनच हे काम एकट्यानं करायचं नाही. उन्हाळ्यात पापड-बिबडे करायला गल्लीतल्या बायका आज हिच्या, उद्या तिच्या गच्चीवर जात. तसं एक चांगलं मशीन चुलत-मावस भावंडांनी मिळून घ्यावं आणि घरोघर फिरवावं. मोठं, 8 बाय 10 इंचांपर्यंत घेणारं मशीन एकट्याला महाग वाटतं, पाच-सात घरांत मिळून ते परवडतं, आणि मग काचेपासून स्लाइडपर्यंत कुणाचाच डबा अडत नाही.

पण एक गोष्ट कुठल्याच मशीनमध्ये नाही, ती म्हणजे नाव. निगेटिव्हवर चेहरा आहे, नातं नाही. झोक्यावरची डावीकडची मुलगी कोण, भरीताच्या धुरात मागे उभा असलेला पाहुणा कुठला, कडेवरचं मूल जगलं की नाही, हे सांगणारी माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. निगेटिव्ह आणखी काही वर्षं तग धरेल. ती माणसं थांबतीलच असं नाही. विशेषतः बायकांची नावं. पुरुष कागदोपत्री सापडतात. माहेरचं नाव सासरी बदललेल्या, कुठल्याच दाखल्यावर नसलेल्या आजी, आत्या, मावश्या ओळखतात त्या दुसऱ्या बायकाच.

यासाठी आपल्याकडे सण ठरलेला आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात, दुपारी बाहेर पडवत नाही, सगळ्या घरात असतात. तोवर डबा आकारानं लावून, आंबट वासाच्या पट्ट्या स्कॅन करून ठेवा. त्या दुपारी मोठ्या पडद्यावर एकेक चित्र लावा आणि सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला पुढे बसवा. ती बोलेल ते मोबाइलवर रेकॉर्ड करा, फाइलच्या नावात माणसाचं नाव, नातं, गाव आणि अंदाजे साल लिहा. दोन आत्यांचं पटलं नाही तर दोन्ही नावं लिहा. मशीन यंदा परवडलं नाही तरी चालेल, पट्टी खिडकीच्या उजेडासमोर धरून नावं आधी लिहून घ्या. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल.